निर्दोष कैद्याच्या सुटकेसाठी: आधी कागद, मग गाजावाजा

‘तो तसा माणूसच नाही’ हे सांगून शिक्षा झालेला खटला पुन्हा उघडत नाही. अपिलातही साक्षीदार सहसा नव्याने उभे राहत नाहीत, जुन्या कागदांवरच युक्तिवाद होतो. त्यापुढे जायचं तर नवा पुरावा लागतो, किंवा बचाव पक्षापासून दडवलेला जुना. म्हणून सह्यांची मोहीम आणि मोर्चा थांबू द्या. पहिले काही महिने कागदांचे.

सुरुवात कैद्याच्या लेखी संमतीने करा आणि त्याचा वकील असेल तर त्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. तुरुंगातली पत्रं वाचली जातात, फोन ऐकले जातात. पत्रात घरचं, तब्येतीचं, पुस्तकांचं लिहा. घटनेच्या रात्रीबद्दल एक ओळही नको. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला जी गुप्तता मिळते, ती तुमच्या पत्राला नसते. सहज लिहिलेलं वाक्य उद्या कबुली म्हणून वाचलं जाऊ शकतं.

मग मागवायचे ते कागद: दोषारोपपत्र, प्रत्येक साक्षीदाराचे सगळे जबाब, उलटतपास, पंचनामे, प्रयोगशाळेचे अहवाल, निकालपत्र, अपिलाचे आदेश. निकालपत्रावर भागवू नका. न्यायाधीशाला जे पटलं तेच त्यात असतं. मूळ प्रतीवर पेन लावू नका. स्कॅन करून पानांना सलग क्रमांक द्या आणि तक्ता करा: तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, पान क्रमांक. पान क्रमांक नसलेली नोंद वकिलाच्या काही कामाची नाही.

तक्त्यात एकाच साक्षीदाराचे जबाब एकाखाली एक मांडा. घटनेच्या दिवशी ‘अंधार होता, चेहरा दिसला नाही’, आठवड्याने ‘उंच, सडपातळ’, ओळखपरेडनंतर ‘हाच तो’. मधल्या दिवसांत त्याला कोणी फोटो दाखवला, हा खरा प्रश्न. अमेरिकेत डीएनए चाचणीमुळे निर्दोष ठरलेल्यांच्या सुमारे दोन तृतीयांश खटल्यांत साक्षीदाराने चुकीचा माणूस ओळखला होता. बऱ्याच जणांनी न केलेल्या गुन्ह्याची कबुलीही दिली होती, तेव्हा कबुलीजबाब दिसला म्हणून फाइल मिटू नका. चौकशी किती तास चालली, आणि पोलिसांना आधी ठाऊक नव्हतं असं कबुलीत काही आहे का, तेवढं तपासा.

सगळ्यात घाईचं काम मुद्देमालाचं. अपील संपलं की कपडे, नमुने, काडतुसं नष्ट करायची मुभा अनेक ठिकाणी असते. वकिलामार्फत लगेच लेखी मागणी करा: अमुक क्रमांकाची वस्तू कुठे आहे आणि ती नष्ट करू नये. ‘सापडत नाही’ हे उत्तरही लेखीच घ्या. ओलसर कपडा प्लॅस्टिकमध्ये बांधला तर बुरशी डीएनए खाऊन टाकते. कागदी पाकिटात कोरडा राहिलेला डाग कित्येक वर्षांनीही बोलतो. नमुना इवलासा असेल तर चाचणीची घाई नको. एकदा पूर्ण वापरला गेला की दुसरी संधी नाही.

१९९२ साली न्यूयॉर्कमध्ये इनोसन्स प्रोजेक्ट ही निर्दोष कैद्यांच्या सुटकेसाठी झटणारी संस्था सुरू झाली; पुढे बऱ्याच देशांत तशा संस्था निघाल्या. अर्ज करण्याआधी त्यांचे नियम वाचा. बहुतेक संस्था ‘गुन्हा याने केलाच नाही’ एवढ्याच प्रकरणांना हात घालतात. शिक्षा जास्त झाली किंवा स्वसंरक्षणात घडलं, हे सहसा त्यांच्याकडे बसत नाही. सारांश दोन पानांत बसवा: आरोप काय, शिक्षा कशावर टिकली, कोणती वस्तू कधीच तपासली गेली नाही. विशेषणं काढून टाका. उत्तराला वर्षही लागतं, त्याहून जास्तही.

साक्षीदाराच्या दारात मात्र स्वतः जाऊ नका. त्याने खरंच जबाब बदलला तरी ‘दबाव आणला’ म्हणून तो फुकट जाऊ शकतो, वर तुमच्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो. पीडिताच्या घरच्यांनाही गाठू नका. वर्गणी काढलीत तर वेगळं खातं, दोघांच्या सह्या, प्रत्येक खर्चाची पावती. पत्रकाराला गाठायचं ते वकिलाने होकार दिल्यावर.

सुटकेची तयारी तारीख कळण्याआधी करा, कारण कधी आदेश संध्याकाळी निघतो आणि माणूस रात्री फाटकाबाहेर उभा असतो. झोपायची जागा, चालू औषधांची यादी, ओळखपत्राचे अर्ज, साधा फोन. निकालाची प्रमाणित प्रत चार-पाच जास्तच काढा. नोकरी, बँक, भरपाईचा दावा, सगळीकडे तीच मागतात.