जुन्या कंडेन्सर माइकची खरखर

भद्रकालीतल्या जुन्या बाजारात हातात धरायचा माइक मिळाला, नाव पार पुसलेलं. दुकानदार म्हणाला, "साधाच आहे दादा." दांडा फिरवून उघडला तर आत पेन्सिल सेलची जागा! साध्या डायनॅमिक (चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर चालणाऱ्या) माइकला सेल कशाला? हा इलेक्ट्रेट कंडेन्सर, म्हणजे कायमचा विद्युतभार धरून ठेवणाऱ्या थराचा माइक; सेल लागतो तो आतल्या छोट्या अॅम्प्लिफायरला. १९६२ साली बेल लॅब्समध्ये सेसलर आणि वेस्ट यांनी विकसित केलेला प्रकार.

सेल गळून स्प्रिंगवर साचलेला पांढरा खार व्हिनेगरच्या बोळ्याने गेला. जाळीतल्या फोमचा चिकट भुगा झालेला. तो आवाजाने थरथरणाऱ्या पातळ पडद्यावर पडू नये म्हणून माइक उलटा धरून चिमट्याने काढला. आवाज आला, पण खरखर फार. फेट म्हणजे आतला क्षीण संकेत वाढवणारा ट्रान्झिस्टर; त्याच्या गेटपाशी, म्हणजे संकेत आत येतो त्या टोकाशी, रोध प्रचंड असतो, तिथे जराशी ओल किंवा बोटाचा मळही नडतो. फेट बसवलेली सर्किटची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवली. खरखर बंद! पडद्याला मात्र हात लावला नाही.