‘काढून टाकलं’ इंग्रजीत लिहायचं असेल तर

शाळेतून, पक्षातून, भाड्याच्या खोलीतून, नोकरीतून, कुठूनही माणूस गेला तरी मराठीत ‘काढून टाकलं’ म्हटलं की भागतं. बातमीला जोर हवा असेल तर ‘हकालपट्टी’. इंग्रजीत मात्र तो कुठून गेला यावर क्रियापद ठरतं. म्हणून वाक्य जुळवण्याआधी ‘कुठून?’ याचं उत्तर कागदावर लिहा.

पक्ष, संस्था, शाळा यांतून कायमचं काढलं तर एक्स्पेल. राहती जागा किंवा गाळा खाली करायला लावला तर इव्हिक्ट. भाडेकरू कधीच एक्स्पेल होत नाही. सत्तेवरून, अध्यक्षपदावरून खाली खेचलं तर आउस्ट. परदेशी नागरिकाला देशाबाहेर पाठवलं तर डिपोर्ट, पण दुसऱ्या देशाच्या मागणीवरून खटल्यासाठी त्या देशाच्या ताब्यात दिलं तर एक्स्ट्रडाइट, म्हणजे आपलं प्रत्यार्पण. दूतावासातला अधिकारी याला अपवाद. १९६१च्या व्हिएन्ना करारानुसार यजमान देश कारण न देताही त्याला ‘नको असलेली व्यक्ती’ ठरवू शकतो. त्याला परत पाठवलं की इंग्रजीत एक्स्पेल्ड लिहितात, डिपोर्टेड नव्हे.

सगळ्यात जास्त घोटाळा ‘तडीपार’ला होतो. हद्दपारी म्हणजे डिपोर्ट असं डोक्यात बसलेलं असतं आणि गुंड थेट देशाबाहेर जातो! महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ च्या कलम ५५ ते ५७ खाली निघणारा आदेश भारताच्याच नागरिकाला जिल्ह्याच्या किंवा ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर ठेवतो, तोही जास्तीत जास्त दोन वर्षं. याला शब्द एक्स्टर्न, आदेश एक्स्टर्नमेंटचा. भारताबाहेरच्या वाचकाला तो सहसा माहीत नसतो, म्हणून पहिल्या उल्लेखात हद्द आणि मुदत दोन्ही द्या: ‘एक्स्टर्न्ड फ्रॉम द डिस्ट्रिक्ट फॉर टू इयर्स’.

जागा ठरली की दुसरा प्रश्न: परत येता येईल का? निलंबन म्हणजे सस्पेन्शन. नोकरी शाबूत आहे, चौकशी चालू आहे. निलंबित माणसाला डिसमिस्ड लिहिणं ही शैलीची चूक नाही, ती त्या माणसाची बदनामी आहे. सरकारी सेवेत फरक आणखी बारीक होतो. ‘सेवेतून काढून टाकणे’ म्हणजे रिमूव्हल, त्यानंतर पुन्हा सरकारी नोकरीला अपात्रता येत नाही. ‘बडतर्फी’ म्हणजे डिसमिसल, त्यानंतर ती सर्वसाधारणपणे येते. आदेशाची प्रत हातात असेल तर त्यातलाच शब्द उचला.

कॉलेजच्या बातम्यांत रस्टिकेट येतो. मूळ लॅटिन अर्थ गावाकडे जाऊन राहणं, आणि ब्रिटिश विद्यापीठांच्या वापरात तो ठरावीक काळापुरताच. कायमचं काढलं असेल तर एक्स्पेलच लिहा.

डीबार आणि डिसबार ऐकायला जुळे वाटतात. हजेरी कमी म्हणून विद्यार्थ्याला परीक्षेला बसू दिलं नाही, ठेकेदाराला निविदा भरायला बंदी केली, तर डीबार. डिसबार फक्त वकिलाची सनद गेली तर.

‘वाळीत टाकणे’ इथे ‘कुठून?’ला सरळ उत्तर नाही, कारण माणूस गावातच असतो. पाणवठा, लग्नकार्य, बोलणंचालणं तुटलेलं असतं. सर्वसाधारण लेखात ऑस्ट्रसाइझ चालेल. अथेन्समध्ये खापरीवर नाव कोरून माणसाला दहा वर्षं शहराबाहेर घालवत, त्या खापरीवरून तो शब्द आला. पण पोलिसांत तक्रार झाली असेल तर सोशल बॉयकॉट असंच लिहा. महाराष्ट्राच्या २०१६च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याच्या इंग्रजी नावात तोच शब्द आहे आणि वाचकाला हा गुन्हा आहे हे कळायला हवं. एक्सकम्युनिकेट मात्र धर्मसंस्थेने बाहेर काढलं तरच.

आता वाक्याची बांधणी. एक्स्पेल, इव्हिक्ट, आउस्ट, डीबार यांच्यापुढे जागा सांगायला फ्रॉम येतो. ‘एक्स्पेल्ड आउट ऑफ’ लिहू नका. बाहेर हा अर्थ शब्दातच आहे. एक्स्पेलच्या शेवटी एल एकच, एक्स्पेल्डमध्ये दोन, आणि नाम एक्स्पल्शन. आउस्टचं नाम आउस्टर. ते काढणाऱ्याचं नाव वाटतं, पण अर्थ काढण्याची क्रिया असाच आहे. ‘द मिनिस्टर्स आउस्टर’ म्हणजे मंत्र्याला काढणारा नव्हे, मंत्र्याची गच्छंती.