गाडीत वायरलेस जीपीएस रिसीव्हर कसा बसवावा आणि फोनला कसा जोडावा

गाडीत ब्लूटूथचा जीपीएस रिसीव्हर बसवताना दोन वेगळ्या जोडण्या जमवायच्या असतात. रिसीव्हरला उपग्रह सापडले पाहिजेत, आणि त्याला सापडलेले ठिकाण फोनपर्यंत पोहोचले पाहिजे. "जोडला, पण चालत नाही" असे झाले की बहुतेक जण ब्लूटूथच्या मागे लागतात. जोडणी काढून टाकतात, पुन्हा करतात, फोन बंद करून चालू करतात. खरे कारण निम्म्या वेळा पहिल्या जोडणीत असते: रिसीव्हरला आकाशच दिसत नसते. म्हणून आधी आकाश, मग ब्लूटूथ, हा क्रम सोडू नका.

फोनमध्ये जीपीएस असताना वेगळा रिसीव्हर कशाला? केवळ वाय-फायवर चालणाऱ्या कित्येक टॅबलेटमध्ये आणि लॅपटॉपमध्ये जीपीएस नसते. काही गाड्यांत फोन ठेवायची सोयीची जागा इतकी खाली असते की तिथे सिग्नल नीट येत नाही. वायरलेस रिसीव्हरचा फायदा इथेच आहे. पडदा तुमच्या नजरेसमोर राहतो आणि रिसीव्हर आकाशासमोर.

जागा

जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचा सिग्नल जमिनीवर येईपर्यंत फार क्षीण झालेला असतो. साध्या काचेतून तो आत येतो, पत्र्यातून येत नाही. त्यामुळे डॅशबोर्डचा पुढच्या काचेला लागून असलेला भाग ही पहिली पसंती. मात्र एअरबॅगच्या झाकणावर काहीही ठेवू नका. एअरबॅग उघडली तर वर ठेवलेली वस्तू माणसाच्या तोंडावर येते. झाकणाची जागा डॅशबोर्डवरच्या खुणेवरून कळते. तिच्यापासून दूर, काचेच्या कडेला जागा शोधा.

काही गाड्यांच्या पुढच्या काचेत ऊन अडवण्यासाठी किंवा काच तापवण्यासाठी धातूचा अतिशय पातळ थर असतो. धातू असलेली सनफिल्मही तसाच अडथळा करते. अशा काचेखाली चांगला रिसीव्हरही चाचपडतो. आरशाजवळ बहुधा थर नसलेला छोटा भाग ठेवलेला असतो. गाडीच्या माहितीपुस्तिकेत टोल टॅग लावायची जागा दाखवलेली असेल तर तो हाच भाग. तिथे सोय नसेल तर मागच्या काचेखालची फळी पाहा. साधारण ब्लूटूथचा पल्ला 10 मीटरच्या आसपास असतो, त्यामुळे मागून पुढे जोडणी टिकायला अडचण येऊ नये.

रिसीव्हरच्या आत सिरॅमिकची एक चौकोनी चकती असते, तीच अँटेना. तिचे तोंड वर हवे. बहुतेक रिसीव्हरांत दिव्यांची बाजू वर ठेवली की अँटेना बरोबर आकाशाकडे होते. रिसीव्हर उभा किंवा पालथा ठेवला तर तो चालतो, पण उपग्रह कमी पकडतो.

लगेच चिकटवू नका. दोन-तीन दिवस न घसरणाऱ्या रबरी पॅडवर ठेवून वापरा, जागा पटली की मगच दुहेरी टेप लावा. माझा रिसीव्हर मी पहिल्यांदा डॅशकॅमच्या शेजारी पक्का चिकटवला होता. डॅशकॅम चालू झाला की उपग्रहांची संख्या भराभर उतरायची. कॅमेरा आणि स्वस्तातले कार चार्जर यांतून निघणारी विद्युत गडबड या क्षीण सिग्नलला दाबू शकते. हातभर अंतर वाढवले आणि त्रास थांबला.

वीज

बॅटरीवर चालणारा रिसीव्हर आधी घरी पूर्ण चार्ज करा. गाडीत तो यूएसबी पोर्टला किंवा 12 व्होल्टच्या सॉकेटमधल्या 5 व्होल्टच्या चार्जरला जोडता येतो. वायर स्टिअरिंग आणि पेडलपासून लांब न्या. काचेच्या बाजूच्या खांबाच्या आवरणात कोंबू नका, अनेक गाड्यांत तिथे पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते. गाडी उन्हात उभी करताना रिसीव्हर काढून घ्या. लिथियम-आयन बॅटऱ्या साधारणपणे 45 अंश सेल्सियसच्या वर चार्ज करू नयेत, आणि उन्हातला डॅशबोर्ड याच्या कितीतरी पुढे जातो.

पहिला फिक्स

फिक्स म्हणजे रिसीव्हरला उपग्रहांवरून आपले ठिकाण सापडणे. आता रिसीव्हर चालू करा, पण फोन अजून खिशातच राहू द्या. गाडी मोकळ्या आकाशाखाली उभी करा आणि थांबा. ठिकाण उंचीसह काढायला किमान चार उपग्रह लागतात, आणि प्रत्येक उपग्रह नेमका कुठे आहे याची माहिती त्याच्याच सिग्नलमधून घ्यावी लागते. ही माहिती सेकंदाला 50 बिट अशा संथ गतीने येते आणि दर 30 सेकंदांनी पुन्हा सुरू होते. मध्येच पूल किंवा उंच इमारत आडवी आली तर तो तुकडा हुकतो आणि पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. म्हणून पहिला फिक्स चालत्या गाडीत रखडतो आणि उभ्या गाडीत पटकन मिळतो. नवा किंवा बरेच महिने पडून राहिलेला रिसीव्हर असेल तर दहा-पंधरा मिनिटे हाताशी ठेवा. फिक्स मिळाला की दिव्याची उघडझाप बदलते. ती कशी बदलते हे कंपनीगणिक वेगळे असते, तेवढे माहितीपत्रकात पाहून ठेवा.

फोनशी जोडणी

अँड्रॉइडवर ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये नवे उपकरण शोधा, रिसीव्हरचे नाव निवडा. पिन मागितला तर 0000 किंवा 1234 यांपैकी एक बहुधा चालतो. इथे अनेकांची गाडी अडते, कारण पेअर झाले तरी नकाशा रिसीव्हरकडे ढुंकूनही पाहत नाही. मध्ये एक दुवा लागतो. ब्लूटूथ जीपीएस वाचणारे ॲप प्ले स्टोअरवरून घ्या. मग फोनच्या माहितीत 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर पर्याय उघडतील. त्यांत 'मॉक लोकेशन ॲप' (फोनच्या स्वतःच्या जीपीएसऐवजी ठिकाण पुरवणारे ॲप) म्हणून हे ॲप निवडा आणि ॲपमधून रिसीव्हरला जोडा. काही ॲप मॉक लोकेशन चालू असेल तर काम करायला नकार देतात, त्यामुळे प्रवास संपला की ही निवड काढून टाका.

आयफोनसाठी बनवलेला रिसीव्हरच घ्या, साधा ब्लूटूथ सिरियल रिसीव्हर तिथे जोडला जात नाही. विंडोज लॅपटॉपवर पेअर केल्यावर कॉम पोर्ट, म्हणजे सॉफ्टवेअरला रिसीव्हरची माहिती मिळण्याच्या वाटा, तयार होतात. नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'आउटगोइंग' लिहिलेला पोर्ट द्या.

नीट चालतोय का?

उपग्रहांचे आलेख दाखवणारी ॲप इथे फसवतात. ती फोनच्या स्वतःच्या जीपीएसची स्थिती दाखवतात, बाहेरच्या रिसीव्हरची नाही. खरे चित्र जोडणाऱ्या ॲपमध्येच दिसते. तिथे दर सेकंदाला डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी सरकत असतात. 'जीजीए' अक्षरे असलेली ओळ शोधा. वेळ, अक्षांश आणि रेखांश झाले की एकच आकडा येतो. तो 0 असेल तर फिक्स नाही, 1 किंवा 2 असेल तर आहे. त्याच्यापुढचा आकडा उपग्रहांची संख्या. ओळी येताहेत पण आकडा 0 आहे, तर ब्लूटूथ ठीक आहे आणि जागा चुकली आहे. ओळीच येत नाहीत, तर दोष जोडणीत आहे. अशा वेळी आधी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनने रिसीव्हर पकडून ठेवलाय का ते पाहा, बरेच रिसीव्हर एका वेळी एकाच उपकरणाशी बोलतात.

जुना, कपाटात पडलेला रिसीव्हर वापरत असाल तर तारीखही तपासा. जीपीएसचा आठवड्यांचा मोजणीआकडा 1024 आठवड्यांनी शून्यावर येतो, शेवटचा असा फेरा एप्रिल 2019मध्ये झाला. काही जुने रिसीव्हर तेव्हापासून साडेएकोणीस वर्षे मागची तारीख दाखवतात. ठिकाण मात्र बरोबर सांगतात, त्यामुळे रस्ता शोधायला ते अजूनही चालतील. प्रवासाची नोंद ठेवायची असेल तर कंपनीचे अपडेट मिळते का बघा.