ऑटिझम असलेल्याची साक्ष आहे? या चुका टाळा

शिवाजीनगर कोर्टात अपघाताच्या एका खटल्यात ऑटिझम असलेल्या माझ्या भाच्याची साक्ष होती. वकिलांनी विचारलं, "तेव्हा किती वाजले होते, सांगू शकाल का?" तो म्हणाला, "हो." आणि गप्प. नजर वरच्या पंख्यावर. विचारलं तेवढ्याचं उत्तर त्यानं दिलं होतं, पण समोरच्यांना वाटलं पठ्ठ्या टाळतोय. न्यायाधीशांनीच मग साधं विचारलं, "किती वाजले होते?" "सहा बेचाळीस."

खरी चूक आमचीच. "कोर्टात कशाला सांगायचं, लोक वेडा म्हणतील," असं ताईचं म्हणणं, आणि मीही मान डोलावली. न सांगितल्यावर कोर्टाला कळणार कसं? साक्षीदाराच्या हावभावांची नोंद न्यायाधीश करू शकतात. न भिडणारी नजर खोटेपणात जमा व्हायला वेळ लागत नाही. म्हणून साक्षीच्या आधीच्या तारखेलाच वकिलांमार्फत अर्ज द्या, सोबत दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) जोडा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि कलम 12 न्यायालयात भेदभाव होऊ नये यासाठीच आहे. अर्जात "सहकार्य व्हावे" एवढंच मोघम लिहू नका. एका वेळी एकच छोटा प्रश्न, मध्ये विश्रांती, ओळखीचं माणूस शेजारी, बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांच्या यादीत, लवकर नंबर, असं नेमकं मागा. आमच्या भाच्याला साक्षीपेक्षा बाहेरच्या बाकावरचे तीन तास आणि पुकाऱ्याचा आवाज जास्त जड गेला.

दुसरी चूक म्हणजे घोकंपट्टी. "साहेबांच्या डोळ्यांत बघ" हे तर अजिबात शिकवू नका. पाठ केलेली उत्तरं उलटतपासात ढासळतात, वर 'पढवलेला साक्षीदार' हा शिक्का. त्यापेक्षा आदल्या आठवड्यात एकदा कोर्ट दाखवून आणा.

बोलता येत नाही म्हणून साक्षच नको, हाही गैरसमज. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 125 नुसार लिहून किंवा खुणांनी दिलेली साक्ष तोंडी साक्षच मानली जाते. दुभाषा किंवा विशेष शिक्षकाची मदत घेता येते. तेव्हा चित्रीकरण होतं. साक्षीदार दिव्यांग आहे एवढ्यावरून त्याची साक्ष कमी दर्जाची ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये सांगितलंय.

चौकीवर जबाबाला बोलावलं तर लगेच निघू नका. दिव्यांग साक्षीदाराला घराबाहेर हजर राहण्याची सक्ती पोलिसांना करता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (बीएनएसएस) कलम 179 दाखवा.

आणि वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.