बांधाचा दगड कसा रोवावा

माझं रान बार्शी तालुक्यात, काळ्याभोर मातीचं. पहिल्या मोजणीनंतर मी कोपऱ्यांवर बाभळीच्या खुंट्या ठोकल्या आणि निवांत झालो. पेरणीआधी पाळी घालताना ट्रॅक्टरने त्यातल्या दोन उपटल्या. त्यावरून चुलत्यांच्या आणि आमच्या घरात दोन वर्षं बोलणं नव्हतं. मोजणीची फीही पुन्हा भरावी लागली. म्हणून कळकळीनं सांगतो, मोजणीदार रानात असतानाच दगड रोवा.

दगड आधीच आणून ठेवा. तीन फूट लांब, बुडाला रुंद. दोन फूट मातीत, एक फूट वर.

खणायला घेतलं की मोजणीची खूणच खड्ड्यात जाते, इथंच बहुतेक जण चुकतात. आधी खुणेच्या चार बाजूंना, खड्ड्यापासून लांब, चार खुंट्या ठोका. समोरासमोरच्या खुंट्यांना दोरी बांधा. दोन्ही दोऱ्यांची फुली बरोबर खुणेवर आली पाहिजे. मग दोऱ्या सोडा, पण खुंट्या हलवू नका. दगड उभा करताना दोऱ्या पुन्हा ताणा, म्हणजे जागा बोटभरही सरकत नाही.

खड्डा अडीच फूट खोल घ्या. तळाला तीन-चार ओंजळी लाकडी कोळसा टाका. आजोबा हेच करायचे. कोळसा कुजत नाही. दगड कुणी काढला तरी उकरल्यावर काळा थर जागा दाखवतो. मातीच काळी असेल तर त्यावर मूठभर चुना टाका, थर उठून दिसतो. वर थोडा मुरूम ठोकून दगड उभा करा, मग भोवती मुरूम वीत-वीत घालून पहारीने ठोका. काळी माती भरू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दगड कलतो. पहिले दोन मोठे पाऊस झाले की दगड हलवून बघा.

विहिरीच्या काठापासून आणि विजेच्या खांबापासून दगडापर्यंतचं अंतर टेपने मोजून ‘क’ प्रतीच्या, म्हणजे मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशाच्या, झेरॉक्सवर लिहा. मोजणीची मूळ प्रत घरात जपून ठेवा.

जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 140 प्रमाणे हद्दीच्या खुणा नीट राखणं जमीनधारकाचंच काम आहे. खूण मुद्दाम मोडली तर कलम 145 खाली दंड होतो. तरी पडलेला दगड एकट्यानं उचलून लावू नका, शेजाऱ्याला हाक मारा.

दुसऱ्या खेपेला पहार चुलत्यांनी धरली होती, मुरूम मी ओतत होतो.