वडिलांबरोबर जुनी फियाट पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणताय? या चुका टाळा

दसरा महिन्यावर आला की मला ठरलेले फोन येतात. "बाबांची पद्मिनी दहा-बारा वर्षं बंद आहे, दसऱ्याला पूजा करून बाहेर काढायची आहे, काय काय करावं लागेल?" आमची १९७९ची पद्मिनी पुण्यात सहकारनगरात सोसायटीच्या पार्किंगमध्ये अकरा वर्षं एकाच जागी उभी होती. बाबा आणि मी, दोघांनी मिळून ती रस्त्यावर आणली. अडीच वर्षं लागली. हा आकडा ऐकून पलीकडचा माणूस गप्प होतो आणि मग विचारतो, "गॅरेजला दिली तर लवकर होईल ना?"

होईल. गॅरेजला देण्यात गैर काहीच नाही. पण "बाबांबरोबर करायची आहे" असं म्हणत असाल, तर दसऱ्याची तारीख आधी डोक्यातून काढा आणि पुढचं वाचा.

वडिलांना न सांगता गाडी दुरुस्त करणं

ही चूक मी तीनदा पाहिली आहे आणि दर वेळी वाईट वाटलं आहे. ओळखीतल्या एकाने वडिलांच्या पंचाहत्तरीसाठी त्यांची पद्मिनी गुपचूप करून घ्यायचं ठरवलं. पार्किंग रिकामं करायला सांगितलंय, म्हणून मित्राकडे ठेवतो, असं वडिलांना सांगितलं. चार महिन्यांनी गाडी दारात आली. लालभडक रंग, अलॉय व्हील, पुढे एकसंध सीटच्या जागी दोन वेगळ्या सीटा आणि गिअर खाली जमिनीवर आणलेला. काका आत बसले, क्लच दाबला आणि त्यांचा डावा हात सवयीने स्टिअरिंगच्या मागे गेला. गिअरचा दांडा तिथे नव्हता. हात क्षणभर तसाच राहिला, मग त्यांनी तो मांडीवर ठेवला. "छान केलीस रे," म्हणाले आणि उतरले. त्यानंतर ते ती गाडी चालवायला बसलेले नाहीत.

मुलाने पैसे भरपूर घातले होते, प्रेमही होतं. पण त्या गाडीतलं काय ठेवायचं, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनाच विचारलं नव्हतं.

आम्ही पहिल्या रविवारी पान्याला हातच लावला नाही. बाबांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, मी शेजारी वही घेऊन बसले. कुठल्या वेगाला कुठला आवाज यायचा, इंजिन शेवटचं कधी उघडलं, कुठला नट नेहमी सैल व्हायचा, सगळं लिहून घेतलं. खंबाटकी घाटात एकदा गाडी तापून हेड गॅस्केट गेलं होतं आणि त्या वेळी एका बोल्टचे आटे बदलावे लागले होते, हे त्या दिवशी कळलं. पुढे दीड वर्षाने तोच बोल्ट बसेना, तेव्हा मी वही उघडली. असली माहिती कुठल्याही मॅन्युअलमध्ये मिळत नाही.

खूण न करता सुटं करणं

ही चूक माझी स्वतःची आहे, म्हणून सविस्तर सांगते.

मे महिन्यातली दुपार होती. बाबा झोपले होते. तोवर डेल्को साफ करून ठेवू, असं मला वाटलं. (डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर, चारही प्लगना आळीपाळीने ठिणगी पोचवणारा भाग; पुण्यातल्या कुठल्याही जुन्या मिस्त्रीला डेल्कोच म्हणा.) कॅप काढली, प्लगच्या चारही वायरी उपटल्या, खालचा बोल्ट सैल केला आणि अख्खा डेल्को उचलून बाहेर घेतला. रोटर, म्हणजे आतला फिरणारा तुकडा, कुठल्या दिशेला होता याची ना खूण केली, ना फोटो काढला. पॉइंट घासून स्वच्छ केले. परत बसवताना पुलीवरची खूण जुळवली, रोटर एक नंबरच्या वायरीकडे आणला, वायरी १-३-४-२ या ठिणगीच्या क्रमाने लावल्या. स्टार्टर मारला आणि कार्बोरेटरमधून बार उडाल्यासारखा आवाज आला. वॉचमन धावत आले.

पुढचे तीन रविवार मी नको ते करत बसले. कार्बोरेटर खोलला, कॉइल बदलली, नवे प्लग आणले. बाबांनी दोनदा विचारलं, "काढताना खूण केली होतीस ना?" दोन्ही वेळा मी "हो" म्हणाले. बाबांनी आयुष्य भोसरीच्या टूलरूममध्ये, अचूक मापांच्या कामात काढलेलं. खूण केली नाही, हे त्यांना सांगायची मला लाज वाटली. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी शेवटी सांगितलं.

ते रागावले नाहीत. "चारही प्लग काढ," एवढंच म्हणाले. पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागचं एक चाक जॅकवर उचललं, चौथा गिअर टाकला आणि मला ते चाक हाताने हळूहळू पुढे फिरवायला सांगितलं. स्वतः बॉनेटपाशी उभे राहून त्यांनी एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरला. चाक फिरता फिरता एका क्षणी हवेने अंगठा ढकलला, फुस्स झालं. "थांब. आता पुलीची खूण बघ."

चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला (हवा-पेट्रोल दाबताना) आणि एकदा एक्झॉस्टला (धूर बाहेर टाकताना). पुलीवरची खूण दोन्ही वेळा जुळते. मी डेल्को एक्झॉस्टवर बसवला होता, म्हणजे बरोबर अर्धा फेरा उलटा. ठिणगी पडत होती तेव्हा व्हॉल्व्ह उघडे होते, म्हणून आग कार्बोरेटरकडे जात होती. कॉम्प्रेशन कुठलं, हे अंगठ्याला कळतं, पुलीला नाही. वीस मिनिटांत डेल्को नीट बसला.

तेव्हापासून माझ्या पान्यांच्या डब्यात जुन्या नेलपॉलिशची बाटली असते. काहीही उचलण्याआधी त्या भागावर आणि इंजिनवर मिळून एक रेघ ओढायची. दोन बाजूंनी फोटो काढायचे. नटबोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकायचे आणि झाकणावर लिहायचं. एक भाग पूर्ण बसल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. व्हिडिओ पाहून एका शनिवार-रविवारात अख्खी गाडी सुटी करणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. अशा गाड्या पोत्यात भरून भंगाराच्या भावाने गेलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्या पोत्यांशेजारी उभे असलेले वडीलही.

वर्षानुवर्षं बंद गाडीला थेट स्टार्टर मारणं

मारू नका. प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, दोन दिवस थांबा, मग हाताने फिरवून बघा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका.

रबरी पाइप "बरे दिसतात" म्हणून ठेवणं

आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि १९७९चं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. पाइप आतून फुगतो, सुटतो, त्याचे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतात. एसी पंपाचा (टाकीतून पेट्रोल ओढणारा इंजिनवरचा पंप) पडदा आणि सगळे पाइप इथेनॉल चालणारेच घाला. तापलेल्या एक्झॉस्टजवळ पेट्रोल ठिबकलं तर काय होईल, हे सांगायला नको.

ब्रेकमध्ये दुसरं तेल

"थोडं कमी होतं म्हणून इंजिन ऑइल घातलं" हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. त्या तेलाने सिलिंडरमधले रबरी कप फुगतात आणि ब्रेक सुटत नाही. मग सगळे कप, सगळे पाइप बदलावे लागतात. दुसरा उपाय नाही. आणि ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं.

पत्र्याआधी रंग

दसऱ्याची घाई इथे भोवते. वरून गाडी ठीक दिसते, म्हणून लोक आधी रंगाला देतात. तुम्ही आधी आतल्या मॅट काढा. पावसाचं पाणी त्यांच्याखाली साठतं आणि फ्लोअरचा पत्रा तिथून सडतो. दारांच्या खालच्या कडा आणि डिक्कीचा तळ बघा. एक लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पूर्ण बॉडीवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड केल्याशिवाय रंगाचं नावही काढू नका. गंजावर पुट्टी थापली की पुढच्या पावसाळ्यात फोड येतात आणि सगळे पैसे पुन्हा जातात.

रंग निवडताना ग्लोव्ह बॉक्सच्या आत बघा. आमचा मूळ रंग तिथे सापडला. बाबा म्हणत होते तोच निघाला.

रंगाला देण्याआधी चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिलने ठसा घ्या आणि पेंटरला तो नंबर झाकायला सांगा. नंबर रंगाखाली बुजला तर आरटीओच्या तपासणीत पंचाईत होते. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर २०२१च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदता येते, पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही. चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल केलेले असतील तर तो मार्गही बंद होतो.

जुन्या बाजारात रिकाम्या हाती जाणं

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे जाताना तुमचा तुटका भाग पिशवीत घेऊन जा. नाना पेठेतल्या दुकानांतही तेच. मापाचा अंदाज सांगून आणलेला भाग बसत नाही. नवा भाग बसून गाडी महिनाभर चालेपर्यंत जुना फेकायचा नाही.

वडिलांना खुर्चीत बसवून चहा देणं

गुडघे दुखतात म्हणून त्यांना नुसतं बघायला बसवू नका. गाडीखालचं काम तुम्ही करा, तेही कधी नुसत्या जॅकच्या भरवशावर नाही, खाली स्टँड लावूनच. पण कार्बोरेटर, पॉइंट, वायपरची मोटर, डायनामो ही सगळी टेबलावर बसून करायची कामं आहेत. ती त्यांची. आमचा कार्बोरेटर बाबांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून केला. आईने आठवडाभर स्वयंपाकघरात ताटं वाढली.

घाटात बंद पडली की खोलाखोली

उन्हाळ्यात कात्रजच्या जुन्या घाटात चढावर गाडी धाप लागल्यासारखी करून बंद पडते. नवखे लोक तिथेच कार्बोरेटर खोलतात, स्क्रू रस्त्यावर हरवतात. बहुतेक वेळा बिघाड काहीच नसतो. उष्णतेने पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही. गाडी कडेला घ्या, बॉनेट उघडा, एसी पंपावर ओलं फडकं टाका आणि वीस मिनिटं थांबा. आमच्या डिक्कीत त्यासाठी पाण्याची बाटली आणि बाबांच्या जुन्या बनियनचं फडकं कायम असतं. तेवढ्यात बाबा कठड्यावर बसून पेरू कापतात. पेरू संपला की ते पंपाला हात लावून बघतात आणि मला म्हणतात, "मार आता."