छोट्या एसी सर्किटमध्ये करंट लिमिट करताना या चुका टाळा

230 व्होल्टच्या लाईनवर एलईडी लावायचा म्हटलं की पहिल्यांदा रेझिस्टरच आठवतो, आणि चालतंही ते, फक्त 20 मिलीअँप हवे असतील तर साधारण 11.5 के (किलोओहम) लागतो आणि त्यात साडेचार वॅट उष्णता होते, मग पाव वॅटचा लावलेला रेझिस्टर काळा पडणारच. नुसत्या इंडिकेटरला 2 मिलीअँप भरपूर झाले, तिथे 120 के, 1 वॅट लावा आणि मोकळे व्हा.

जास्त करंट हवा असेल तर लाईनला सिरीजमध्ये कपॅसिटर. 50 हर्ट्झला 0.47 मायक्रोफॅरडमधून साधारण 34 मिलीअँप जातात, 1 मायक्रोफॅरडमधून 72. पण खरी गोची इथेच होते, लोक समजतात कपॅसिटरने व्होल्टेज कमी केलं. नाही हो, त्याने फक्त करंट बांधला. लोड काढला की पुढचा फिल्टर कपॅसिटर (डीसी सपाट करणारा) चढत चढत 300 व्होल्टच्या वर जातो आणि फुटतो, म्हणून आउटपुटवर झेनर (ठरावीक व्होल्टेजच्या वर जाऊ न देणारा डायोड) हवाच, तोही 1 वॅटचा, कारण लोड नसताना सगळा करंट तोच खातो. तेव्हा झेनर गरम लागला तर तो फॉल्ट नाही.

एलईडी क्षणभर लागून विझला? मग बहुतेक एलईडीला पॅरलल उलटा डायोड लावायचा राहिलाय. कपॅसिटरला करंट दोन्ही बाजूंनी जायला हवा, एकाच बाजूने गेला तर तो चार्ज होऊन बसतो, वर एलईडीवर उलटं व्होल्टेज येतं आणि ते तो फारसं सोसत नाही.

कपॅसिटर एक्स 2 प्रकारचाच (थेट लाईनवर लावण्यासाठी बनवलेला) घ्या, 275 व्होल्ट एसी छापलेला. 400 व्होल्ट डीसीचा चालतो असं सांगणारे बरेच भेटतील, माझ्या मते तो जुगार आहे. आणि काही महिन्यांनी उजेड मंदावला तर एलईडी बदलत बसू नका, आधी कपॅसिटर काढून मोजा, 0.47 चा 0.2 झालेला सापडू शकतो.

कपॅसिटरच्या सिरीजमध्ये 100 ओहमचा फ्युझिबल रेझिस्टर (जास्त करंट झाला की फ्यूजसारखा तुटणारा) विसरू नका. लाईन पीकवर असताना स्विच दाबला तर 325 व्होल्ट थेट येतात, तेव्हा सुरुवातीचा झटका तोच 3 अँपच्या आसपास रोखतो. फ्यूज आहे ना, असं म्हणू नका, फ्यूज करंट लिमिट करत नाही, जास्त झाला की तोडतो.

कपॅसिटरला पॅरलल 470 के चे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये टाका, नाहीतर कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो आणि प्लग काढल्यावरही पिनांना हात लावला की झटका बसतो. एकच का नाही? छोट्या रेझिस्टरची व्होल्टेजची मर्यादा बऱ्याचदा 250 व्होल्टच असते.

आउटपुट 12 व्होल्ट असलं तरी ते लाईनला जोडलेलंच आहे, हात लावायचा नाही, धातूचा बॉक्स किंवा बाहेर काढलेली वायर असेल तर सरळ ट्रान्सफॉर्मर वापरा.

आणि सगळं बरोबर असून तो 100 ओहमचा रेझिस्टर तापतोय? मग सप्लाय कुठून येतोय ते बघा, स्वस्त इन्व्हर्टरच्या चौकोनी लाटेत प्रत्येक कडेला कपॅसिटर करंटचा झटका ओढतो.